मीटरकाकांनी न सांगितलेला पत्ता

मीटरकाका कुठल्याही दुकानात पुढच्या दाराने गेले नाहीत. एकतीस वर्षं मागच्या दारानेच गेले. दुकानांची विजेची मीटरं मागे असतात. जिन्याखाली, मोरीशेजारी, रिकाम्या खोक्यांच्या आड. ती वाचायचं त्यांचं काम. अंगात कंपनीचा निळा शर्ट, खांद्याला पिशवी, पिशवीत बॅटरी, हातात आकडे भरायचं यंत्र. दारावर दोन टिचक्या मारायच्या आणि हाक द्यायची, "मीटर!" ही हाकच पुढे त्यांचं नाव झाली. बँकेतल्या बाईंनी एकदा त्यांना खऱ्या नावाने पुकारलं, तर कुणाला बोलावतात म्हणून त्यांनी मागे वळून पाहिलं.

शहर त्यांना असं उलट्या बाजूने माहीत होतं. शिंप्याला सदरा माहीत असतो तसं, टाके कुठे आहेत ते. काचेमागची सजावट त्यांनी कधी धड पाहिली नाही. पण कुठला आचारी काम करताना गुणगुणतो, कुठला दुकानदार पुढे गिऱ्हाइकासमोर साखर पेरतो आणि मागे येऊन माणसांवर खेकसतो, कुणाच्या भट्टीला पहाटे चारला जाग येते, हे त्यांना पाठ होतं. "पुढून दुकान दिसतं, मागून दुकानदार," असं म्हणायचे.

त्यांचा नियम एकच होता. जिथलं मीटर वाचायचं तिथलं पाणीसुद्धा फुकट प्यायचं नाही. "आज पाणी पाजतील, उद्या म्हणतील आकडा जरा कमी टिपा."

बायको गेली तेव्हा ते शेहेचाळीस वर्षांचे होते. मुलगी लग्न होऊन लांब गेली होती. ती दर रविवारी फोन करायची आणि "जेवलात का?" विचारायची. ते "हो" म्हणायचे. बऱ्याचदा ते खोटं असायचं.

त्यांच्या वरच्या मजल्यावर एक मुलगी भाड्याने राहायला आली. साहित्याची पदवी घेतलेली, एका साप्ताहिकात नोकरीला. साप्ताहिकाचं शेवटचं पान तिच्या गळ्यात मारलं होतं. दर आठवड्याला शहरातलं एक दुकान किंवा खाण्याची एक जागा शोधायची, लोकांना माहीत नसलेली, आणि तिच्यावर लिहायचं. मुलीला शहरात येऊन चार महिने झाले होते. तिला बसथांबा माहीत होता आणि इस्त्रीवाला.

तिने काकांना जिन्यात गाठलं.

"काका, तुम्हाला एखादं चांगलं हॉटेल माहीत आहे का?"

"जेवायला की लिहायला?"

"लिहायला."

"मग आधी जेवून ये. शिकलीस काय?"

"साहित्य."

"अरे वा. म्हणजे पोटापाण्याचं काही नाही."

त्या दिवसापासून ते तिला साहित्यिक म्हणायला लागले. पुढच्या सुट्टीला त्यांनी तिला मागच्या गल्ल्यांतून हिंडवलं. ती वही घेऊन त्यांच्या मागे. एका खानावळीच्या मागे त्यांनी कचऱ्याचं झाकण उघडून दाखवलं.

"बघ. काय आहे?"

"काका, घाण आहे."

"नीट बघ. कांद्याची सालं, बटाट्याची सालं, हाडं. म्हणजे आत कुणीतरी सोलतंय, शिजवतंय. आता त्या पलीकडच्या काचेच्या हॉटेलाचा डबा बघ. नुसते पत्र्याचे डबे. ते लोक डबे फोडतात आणि गरम करतात. तिथे जेवू नकोस."

आणखी एक गोष्ट त्यांनी तिला शिकवली. ती तिने वहीत लिहून घेतली. खानावळीचं मीटर एखाद्या महिन्यात उतरलं तर काही नाही; आचारी आजारी असेल. पण सहा महिने सरळ उतरत गेलं तर तिला टाळं लागणार. "आधी भट्टीचा पंखा कमी फिरतो. मग मोठा फ्रीज बंद होतो. मग अर्धे दिवे. मालक अजून हसत असतो. मीटरला हसता येत नाही."

"हे वाक्य वापरू का?"

"वापर. फक्त माझं नाव घालू नकोस. कंपनी मला पेन्शनीआधीच घरी बसवेल."

शेवटचं पान चालायला लागलं. पहाटेच्या भट्टीवाल्याची तिसरी खेप, जिच्यातला पाव सगळ्यात चांगला उतरतो. बल्ब कानाशी हलवून तार तुटली की नाही ते सांगणारा दिवेवाला. फक्त कॉलर उलटवून देणारा शिंपी. लोक पान कापून ठेवायचे. संपादकांनी मुलीला खुर्ची बदलून दिली, हाताची. ती सगळ्यात आधी काकांना सांगायला आली.

"हात आले म्हणजे पायही येतील," काका म्हणाले.

बटणवाल्या बाईंचा पत्ताही त्यांनीच दिला. एका अरुंद इमारतीत तळमजल्यावर बाईंचं दुकान. भिंतभर लाकडी खण, प्रत्येक खणावर बाहेरून एक बटण शिवलेलं. आत काय आहे ते त्यावरून कळायचं. शिंपी यायचे, जुन्या कोटाचं एक बटण दाखवायचे, बाई न बघता हात लांबवायच्या आणि तोच खण उघडायच्या. मुलीने त्यावर सुरेख लिहिलं. फारच सुरेख लिहिलं.

आठवड्याभरात दुकानाबाहेर रांग लागली. लोक फोटो काढायचे, खण उघडायचे, बटणं हातात घ्यायचे आणि भलत्याच खणात टाकायचे. जाताना एक बटण विकत घ्यायचे. शिंप्यांना आत शिरता येईना. नव्याची नवलाई नऊ दिवस टिकते म्हणतात. इथे ती वर्षभर टिकली. इमारतीच्या मालकाला ती गर्दी दिसली. त्याने गर्दी ठेवली आणि बाईला काढलं. तिथे आता कॉफीचं दुकान आहे. भिंतीवर चार खण शोभेला लावले आहेत.

एका सकाळी काकांच्या यंत्रावर दिवसाची यादी आली. बटणवाल्या बाईंच्या नावापुढे लिहिलं होतं, शेवटचं रीडिंग. जोडणी तोडायची असली की असं येतं. काका गेले. त्यांनी आकडा भरला. बाई रिकाम्या दुकानात स्टुलावर बसल्या होत्या.

"इकडे या," त्या म्हणाल्या. "शर्टाचं दुसरं बटण कुठाय?"

"पडलं असेल."

"कधी?"

"बायको गेल्यावर कधीतरी."

बाईंनी पिशवीतून सुईदोरा काढला आणि त्यांना उभं ठेवूनच बटण लावून दिलं. निळ्या शर्टाला तपकिरी. तेवढं एकच उरलं होतं. फुकट काही घ्यायचं नाही हा नियम काकांना आठवला. पण त्या दुकानात आता मीटरच चालू नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी मुलीला एवढंच सांगितलं, "माझ्या जिभेला हाड नाही." मुलगी रडली. तिला वाटलं, काका तिला बोलतायत.

आता आक्कांबद्दल सांगायला हवं.

आक्कांची जागा चार टेबलांची होती. एका लांब गल्लीच्या शेवटी, लाँड्रीच्या शेजारी. बाहेर पाटी होती, पण तिच्यावरची अक्षरं उन्हाने उडाली होती आणि आक्का म्हणायच्या, "ज्याला यायचं तो वासाने येईल." डाळीचं सूप, जाड सालीचा पाव, अंडी, कधी बटाटा. बस्स. आक्का काकांहून चार वर्षांनी मोठ्या. नवरा लवकर गेला. त्याच चार टेबलांवर त्यांनी मुलाला इंजिनिअर केलं. दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत आडव्या रेघा होत्या, भट्टीतल्या तव्याच्या कडांनी भाजलेल्या. शाळेच्या पट्टीवर असतात तशा.

बायको गेल्यानंतरच्या पहिल्या गुरुवारी काका या गल्लीतली मीटरं वाचून संपवून आक्कांच्या मागच्या पायरीवर बसले होते. डब्यात पाव होता आणि अख्खा कांदा. तो कसा चिरायचा हे त्यांनी ठरवलं नव्हतं. दुपारचे अडीच वाजले होते. आक्का राख टाकायला बाहेर आल्या.

"हे काय?"

"जेवण."

"हे जेवण? हा तर गुन्हा आहे. आत या."

"मी इथलं मीटर वाचतो. फुकट खात नाही."

"फुकट कोण देतंय? पैसे घेईन. तोंड बघा कसं झालंय, त्याचे वेगळे घेईन."

त्या दिवसापासून अकरा वर्षं, दर गुरुवारी, अडीच वाजता. मागच्या दाराने आत. स्वयंपाकघराच्या दारालगतचं टेबल. आक्का विचारायच्या, "काय मीटर, आज किती फिरलात?" ते म्हणायचे, "तुमच्याइतकं नाही." मग सूप यायचं. आक्का समोर उभ्या राहून बोलायच्या, बसायच्या कधीच नाहीत. काकांना आठवड्यात हसू यायचं ते याच तासात. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. स्वतःलाही बहुधा नाही.

अडीचची वेळ मोठी फसवी. दुपारचं जेवण उरकलेलं असतं, रात्रीचं सुरू व्हायचं असतं. त्या वेळी जगातली प्रत्येक खानावळ रिकामी असते. चारपैकी तीन टेबलं मोकळी दिसली तर काकांना त्यात काही वावगं वाटलं नाही. खरं तर ती मोकळीक त्यांना आवडायची.

साप्ताहिकाचं पान सुरू झाल्यावर आक्कांनी दोन-तीनदा त्याचा विषय काढला. भट्टीवाल्याचं वाचलं, म्हणाल्या. शिंप्याचं वाचलं. काकांनी बटणवाल्या बाईंची हकीकत सांगितली, शर्टावरचं बटण दाखवलं. "बघा आक्का, माझ्यामुळे बाईचं दुकान गेलं."

आक्का बटणाकडे पाहत राहिल्या. "निदान गर्दी तरी बघितली तिने," म्हणाल्या.

काकांनी ते ऐकलं. कानापर्यंतच ऐकलं. ते पाव मोडत होते.

आणखी काही आठवडे गेले. एका गुरुवारी आक्कांनी सूप समोर ठेवलं आणि हात पदराला पुसत विचारलं, "मीटर, त्या पोरीला माझं कधी सांगितलंत का हो?"

"नाही."

"का?"

खरं उत्तर त्यांच्या तोंडाशी आलं होतं. तुमच्याकडे रांग लागलेली मला बघवणार नाही. लोक तुमच्या हातांचे फोटो काढतील. मालक ते बघेल. मग एका सकाळी माझ्या यंत्रावर तुमचं नाव येईल. पण असं बोलायची त्यांना सवय नव्हती. आयुष्यभर त्यांनी आकडे सांगितले होते. त्यांनी थट्टा केली.

"तुमचं काय सांगायचं? सूप आणि पाव. लोक पत्ता हुडकत येतील आणि मलाच मारतील."

आक्का हसल्या. मोठ्याने हसल्या. "तेही खरंच," म्हणाल्या आणि आत गेल्या. बाकीचा वेळ त्या आतच होत्या. भांडी घासल्याचा आवाज येत होता. त्या दिवशी पैसे उचलायलाही त्या बाहेर आल्या नाहीत. काकांनी बशीखाली ठेवले आणि निघाले.

महिन्यातला एक गुरुवार मीटरचा असायचा. काकांनी आक्कांच्या मीटरचे आकडे दर महिन्याला स्वतःच्या हाताने भरले. चारशे दहा युनिटं. तीनशे साठ. तीनशे. दोनशे चाळीस.

"कमी झालंय बरं का आक्का," एकदा म्हणालेसुद्धा.

"मोठा फ्रीज बंद केला. लहान पुरतो."

"शहाण्या आहात. काटकसर करावी."

"हो ना," आक्का म्हणाल्या.

पुढच्या महिन्यात एकशे सत्तर. काकांनी आकडा भरला, झाकण लावलं आणि जेवायला बसले. हजार दुकानांची नाडी बघणारा माणूस. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मग ती सकाळ आली. काका जिन्यात उभे राहून यंत्र चालू करत होते. वरून मुलगी उतरत होती. तिने त्यांना कठड्याला धरून खाली बसताना पाहिलं.

"काका, काय झालं? पाणी आणू?"

त्यांनी यंत्र तिच्यासमोर धरलं. यादीत सतरावं नाव होतं. पुढे दोन शब्द होते, शेवटचं रीडिंग.

"ही कोण?" मुलीने विचारलं.

यादी क्रमाने करायची असते. त्या दिवशी त्यांनी क्रम मोडला.

मागचं दार बंद होतं. किल्ली लाँड्रीवाल्याकडे होती. त्याने इस्त्री बाजूला ठेवली आणि दार उघडून दिलं. टेबलं गेली होती. जमिनीवर त्यांच्या पायांच्या सोळा खुणा उरल्या होत्या.

"परवा मुलगा येऊन आक्कांना घेऊन गेला," लाँड्रीवाला म्हणाला. "तुम्हाला माहीत नव्हतं? मला वाटलं, तुम्हाला तर सगळ्यात आधी कळलं असेल."

"मला कसं कळणार?"

"मीटर तुम्हीच वाचता ना, साहेब."

काकांनी झाकण उघडलं. आकडा भरायचा म्हणून भरला. चौऱ्याऐंशी युनिटं.

"चौऱ्याऐंशी कसे?" ते स्वतःशीच म्हणाले. "घरातसुद्धा जास्त होतात."

"रोज कुठे उघडत होत्या? माणूसच फिरकत नव्हतं. त्या पलीकडे काचेचं हॉटेल आलं ना, सगळी ऑफिसवाली पोरं तिकडे. शेवटचे दोन महिने तर आठवड्यातले तीन दिवस बंदच. गुरुवारी तेवढ्या न चुकता यायच्या. सकाळी येऊन भट्टी पेटवायच्या. मी म्हणायचो, आक्का, एका माणसासाठी? तर म्हणायच्या, तो कांदा चिरत नाही, नुसता घेऊन बसतो."

काका मोरीच्या कठड्यावर बसले. समोर, जिथे फडताळ होतं, तिथे भिंतीला एक खिळा होता. खिळ्याला कागदांची चळत टोचलेली होती. साप्ताहिकाची शेवटची पानं. वरचं मागच्याच शुक्रवारचं.

"ते न्यायचं राहिलं वाटतं," लाँड्रीवाला म्हणाला. "दर शुक्रवारी घ्यायच्या. माझ्याच दुकानात उभ्या राहून उघडायच्या. आधी शेवटचं पान. बघायच्या आणि म्हणायच्या, या खेपेलाही नाही. मी विचारलं एकदा, तुम्ही सांगत का नाही त्या मीटरवाल्याला? म्हणाल्या, विचारलं होतं. त्यांना आपलं काही विशेष वाटत नाही. खरं बोलणारा माणूस आहे."

काकांनी पानं खिळ्यावरून काढली. मोजली नाहीत. पिशवीत, बॅटरीशेजारी ठेवली. मग यादीतली उरलेली सगळी मीटरं वाचली. एकाही ठिकाणी हाक दिली नाही, नुसत्या टिचक्या मारल्या.

त्या संध्याकाळी ते मुलीच्या दारात उभे राहिले. तिच्या खोलीत त्यांनी याआधी कधी पाऊल टाकलं नव्हतं.

"साहित्यिक, लिही."

त्यांनी सांगितलं, तिने लिहिलं. सूप कसं असायचं. पावाची साल तळाशी जवळजवळ काळी आणि कडेला मधासारखी. पाटीवरची उडालेली अक्षरं. हातांवरच्या रेघा. उभ्याने बोलणं. सांगताना ते मध्येच थांबायचे आणि म्हणायचे, "नाही, असं नव्हतं," मग पुन्हा सांगायचे. तीन पानं झाली. मुलीने त्यात स्वतःचा एक शब्द घातला नाही. जाताना त्यांनी तिला खिळ्यावरची पानं दाखवली. प्रत्येक पानाच्या मधोमध भोक होतं.

संपादकांनी लेख वाचला. चांगला आहे, म्हणाले. मग विचारलं, "ही जागा आहे कुठे?"

"बंद झाली," मुलगी म्हणाली.

"मग वाचकाने जायचं कुठे? हे तर वरातीमागून घोडं झालं."

छापला नाही.

काकांनी ती तीन पानं लिफाफ्यात घातली. आक्कांच्या मुलाचा पत्ता त्यांनी कंपनीतून मिळवला. अनामत रक्कम परत पाठवायला ग्राहकाचा नवा पत्ता लागतो. तो फायलीत असतो. असं बघणं नियमात बसत नाही. एकतीस वर्षांत फायलीचा नियम त्यांनी पहिल्यांदाच मोडला. टपालाने पाठवायचा धीर झाला नाही म्हणून बसने गेले. चार तास.

मुलगा नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत होता. काका सवयीने आधी जिन्याखाली गेले आणि मीटरं पाहिली. मग वर चढले. दारासमोर जरा थांबले. टिचक्या मारायच्या की घंटा वाजवायची, ते कळेना. घंटा वाजवली.

दार आक्कांनीच उघडलं.

"काय मीटर? पुढच्या दाराने?"

"इथे मागचं दारच नाही."

आक्का हसल्या. बसा म्हणाल्या. या खेपेला त्याही बसल्या. सूनबाई चहा टाकायला आत गेली. काकांनी लिफाफा पुढे केला. आक्कांनी चष्मा लावून तिन्ही पानं वाचली. हळूहळू वाचली. काका त्यांच्या हातांकडे पाहत होते. हातांवरच्या रेघा पुसट व्हायला लागल्या होत्या.

"पोरीने चांगलं लिहिलंय," आक्का म्हणाल्या. "पावाचा रंग बरोबर पकडलाय."

"मी सांगितलं तसं लिहिलं."

"तुम्हाला आवडायचं तर."

"अकरा वर्षं आलो, आक्का."

"मला वाटायचं, वाटेवर पडतं म्हणून येता."

मग काकांनी सांगितलं. जे त्या गुरुवारी सांगायचं होतं ते सगळं. बटणवाल्या बाईंचं, रांगेचं, मालकाचं, यंत्रावर नाव येण्याच्या भीतीचं. इतकं सलग ते आयुष्यात बोलले नव्हते.

"तुम्ही मला विचारायला हवं होतं," शेवटी आक्का म्हणाल्या.

"हो."

"तिच्या दुकानात वर्षभर माणूस मावत नव्हता. मला तेवढं चाललं असतं, मीटर. एक वर्ष. लोक उभे आहेत, पाव पुरत नाही, मी ओरडतेय, थांबा जरा, चौघांचं होऊ दे. मग लागलं असतं टाळं तर लागू दे. टाळं तसंही लागलंच." त्यांनी पानांची घडी केली. "तुमच्यासाठी मी एक टेबल राखलं. तुम्ही माझी चारही रिकामी राखलीत."

हे त्या रागाने बोलल्या नाहीत. सूप निवलंय असं सांगावं तसं बोलल्या.

चहा आला. हे मीटर त्यांच्या हद्दीतलं नव्हतं, चहा फुकट घ्यायला हरकत नव्हती. आक्कांच्या घरचं काहीतरी फुकट घ्यायची ही त्यांची पहिली वेळ.

"खाली मीटर बघून आला असाल," आक्का म्हणाल्या.

"सवय."

"फिरतंय?"

"जोरात."

"फिरू दे. माझं त्यात काही नाही. सूनबाई हात लावू देत नाही. चांगल्यासाठीच म्हणते बिचारी, खूप केलंत, आता आराम करा म्हणते." त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "शेगडीसुद्धा काचेची आहे हो. ज्वाळ दिसतच नाही."

निघताना त्यांनी पानं परत दिली नाहीत. काकांनीही मागितली नाहीत. जिन्यात ते वळले तेव्हा दार अजून उघडं होतं.

परत आल्यावर काकांनी हे सगळं मुलीला जिन्यात उभ्याउभ्याच सांगितलं. आकडे सांगावेत तसं. मुलीला धीराचं काहीतरी बोलायचं होतं. साहित्याची पदवी होती तिच्याकडे. एक शब्द सुचला नाही.

"अजून तीन जागा आहेत," काका म्हणाले. "तुला सांगितल्या नव्हत्या. मला आवडतात म्हणून."

"लिहू?"

"मला नको विचारू. त्यांना विचारून ये."

ती गेली. तिघांपैकी दोघे हो म्हणाले. तिसरा, सुऱ्यांना धार लावणारा म्हातारा, म्हणाला, नको, आहे ते बरं आहे. काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली. "विचारलंस ना? मग झालं."

पुढच्या महिन्यात गल्लीचा गुरुवार आला. आक्कांच्या जागी मोबाइलची कव्हरं विकणारं दुकान आलं होतं. मागे नवं मीटर बसवलं होतं. नवं मीटर शून्यापासून सुरू होतं. त्यावर अकरा युनिटं पडली होती. काकांनी आकडा भरला आणि पायरीवर बसले. अडीच वाजले होते. डब्यात पाव होता आणि कांदा. शेजारी लाँड्रीवाल्याच्या इस्त्रीची वाफ खिडकीतून बाहेर येत होती. त्याने काकांना पाहिलं, पण हाक मारली नाही.

पाव संपल्यावर त्यांनी शर्टावरचे तुकडे झटकले. तपकिरी बटण जागेवर आहे का ते चाचपून पाहिलं. कांदा तसाच पिशवीत टाकला. मग उठले आणि शेजारच्या दारावर दोन टिचक्या मारल्या.

"मीटर!"